साठ पीसी, एक फाइल आणि पोचपावत्यांचा पूर

प्रश्न असा आलाय: "आम्ही तिघं धुळ्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहोत. लॅबमध्ये 60 पीसी, 1 गिगाबिटचं लॅन, तीन स्विच. दर सेमिस्टरला 4 जीबीची इमेज सगळ्या पीसींवर टाकावी लागते, शेअर्ड फोल्डरवरून कॉपी करण्यात अख्खी दुपार जाते. म्हणून प्रोजेक्टला यूडीपी मल्टिकास्टवर (पॅकेट एकदाच पाठवायचं, ग्रुपमधल्या सगळ्यांना मिळतं) प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक पीसी प्रत्येक पॅकेटची पोच देतो, ज्याची पोच आली नाही त्याच्यासाठी पॅकेट परत पाठवतो. 5 पीसींवर झकास चालतं, 20 वर रांगायला लागतं, 60 वर बसूनच जातं. सर म्हणतात टाइमआउट वाढवा, मित्र म्हणतात नॅक ('मिळालं नाही' असा निरोप) वापरा. 31 नंबरचा पीसी कायम सगळ्यात शेवटी राहतो. व्हायव्हाला '10 गिगाबिट असतं तर?' असंही विचारतील. डिझाइन नेमकं कसं करायचं?"

टाइमआउट वाढवून उपयोग नाही. कागद घ्या आणि एक गुणाकार करा. 1500 बाइटचं पॅकेट तारेवर जाताना पुढचंमागचं सगळं धरून 1538 बाइटची जागा खातं, म्हणजे गिगाबिटवर सेकंदाला साधारण 81,000 पॅकेट. प्रत्येकाच्या 60 पोचा म्हटलं तर सेकंदाला 48 लाखांवर पोचा झाल्या. आता पोच कितीही छोटी करा, इथरनेटवर ती 84 बाइटपेक्षा कमी जागेत मावत नाही, आणि गिगाबिटच्या तारेवर अशी छोटी पॅकेट सेकंदाला जास्तीत जास्त 14.88 लाख जातात. म्हणजे पाठवणाऱ्याकडे येणाऱ्या तारेवर तुमच्या एक तृतीयांश पोचासुद्धा मावणार नाहीत. उरलेल्या स्विचमध्येच गळतात. तुमच्या प्रोग्रॅमला वाटतं पॅकेट गेलं नाही, तो परत पाठवतो, त्याच्या आणखी 60 पोचा निघतात. डेटा पोचतोय, पण पोच पोचत नाहीये. या दुखण्याला 'अ‍ॅक इम्प्लोजन' (अ‍ॅक म्हणजे पोच) म्हणतात आणि मल्टिकास्टवर काम करणारा प्रत्येक जण एकदा तरी त्यात सापडतो.

आपल्याकडच्या लग्नात वरण-बट्टीची पंगत आठवा. वाढपी प्रत्येक पानापाशी थांबून "मिळालं का? मिळालं का?" विचारत बसला तर पहिली पंगत उठायलाच संध्याकाळ होईल. तो वाढत पुढे जातो, ज्याच्या पानात कमी असेल तो हाक मारतो, "ए भो, इकडे वरण!" नॅक म्हणजे हीच हाक. काय आलं, काय राहिलं याचा हिशोब घेणाऱ्याने ठेवायचा, पाठवणाऱ्याने 60 जणांच्या वह्या सांभाळायच्या नाहीत. 1994 मध्ये पिंगली, टाउस्ली आणि कुरोझ यांनी दोन्ही पद्धतींची गणिती तुलना मांडली आणि जबाबदारी घेणाऱ्यांवर टाकलेली पद्धत मोठ्या ग्रुपला जास्त झेपते हे दाखवलं. रिपोर्टमध्ये याचा उल्लेख जरूर करा.

तेव्हा तुमचे मित्र अर्धे बरोबर आहेत. अर्धे अशासाठी, की नुसतं 'अ‍ॅक काढा, नॅक टाका' केलं की दोन नवे खड्डे पडतात.

पहिला खड्डा: पॅकेट पहिल्याच स्विचमध्ये गळलं तर ते 60 जणांचं एकदम गळतं, आणि 60 नॅक एकाच क्षणी निघतात. यावर 1995 मध्ये सॅली फ्लॉइड, व्हॅन जेकबसन वगैरे मंडळींनी एसआरएम या मल्टिकास्ट प्रोटोकॉलमध्ये सुरेख तोडगा काढला. प्रत्येकाने नॅक पाठवण्याआधी थोडा यादृच्छिक वेळ थांबायचं, आणि नॅकसुद्धा अख्ख्या ग्रुपला ऐकू जाईल अशी मल्टिकास्टने पाठवायची. ज्याचा टाइमर आधी संपला तो ओरडतो, बाकीचे ऐकतात आणि गप्प बसतात. हा थांबण्याचा अवधी जाण्यायेण्याच्या वेळेच्या काही पट हवा, नाहीतर हाक कानावर पडायच्या आतच दुसरा ओरडून मोकळा होतो.

दुसरा खड्डा जास्त लबाड आहे, कारण टेस्टिंगमध्ये तो क्वचित सापडतो. मधलं पॅकेट गेलं की पुढच्या नंबरावरून कळतं: 41 नंतर 43 आलं, म्हणजे 42 हरवलं. पण शेवटचीच चार पॅकेट गेली तर? पुढे काही येतच नाही, मग हरवलं हे कळणार कसं? घेणारा निवांत बसून राहतो आणि फाइल 99.9 टक्क्यांवर अडकते. म्हणून पाठवणाऱ्याने "आतापर्यंत इतक्या नंबरापर्यंत पाठवलंय" असा छोटा संदेश अधूनमधून पाठवायचा, आणि डेटा संपल्यावरही काही काळ पाठवत राहायचा. टिकाऊ ठरलेल्या प्रत्येक प्रोटोकॉलमध्ये हे वेगवेगळ्या नावांनी आहेच.

आता खरा मुद्दा. माझ्या मते तुमच्या प्रोजेक्टचा जीव इथे आहे.

समजा प्रत्येक पीसीवर 1 टक्का पॅकेट गळतात, आणि एकाच्या गळण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. एखादं पॅकेट साठही जणांना सुखरूप मिळण्याची शक्यता 0.99 चा 60 वा घात, म्हणजे साधारण 0.55. प्रत्येकाची गळती फक्त एक टक्का, पण 45 टक्के पॅकेट कोणा ना कोणासाठी परत पाठवावी लागणार! 100 पीसी असते तर 63 टक्के. मग मल्टिकास्टने कमावलेलं दुरुस्तीत गमावलं. त्यात दुरुस्तीचं पॅकेट बहुतेक वेळा 59 जणांसाठी कचरा असतं, त्यांना ते घ्यायचं आणि फेकायचं काम फुकट.

यातून सुटका एका साध्या प्रश्नाच्या बदलाने होते. 'कोणतं पॅकेट हरवलं?' हे विचारूच नका, 'किती हरवली?' एवढंच विचारा.

क, ख, ग अशी तीन पॅकेट पाठवली. पीसी 7 चं क गेलं, पीसी 23 चं ख, पीसी 42 चं ग. जुन्या रीतीने तिन्ही परत पाठवावी लागतील. त्याऐवजी तिन्हींचा बिटवार एक्सऑर करून एकच पॅकेट पाठवा. ज्याच्याकडे ख आणि ग आहे तो त्यातून क काढेल, ज्याच्याकडे क आणि ग आहे तो ख काढेल. तीन वेगवेगळी दुखणी, औषध एकच. एक्सऑर एकाच गळतीपुरता चालतो. जास्त गळती भरून काढायची तर रीड-सॉलोमन कोड आहे, 1960 सालचा. बाइटच्या गणितावर तो चालवला तर डेटा आणि पॅरिटी (दुरुस्तीसाठी जोडलेली जादा पॅकेट) मिळून एका ब्लॉकात, म्हणजे पॅकेटांच्या एका गटात, 255 पॅकेटपर्यंत जाता येतं, आणि 20 च्या ब्लॉकातली कोणतीही 20 पॅकेट हाती लागली, मूळची असोत की पॅरिटीची, की ब्लॉक पूर्ण उभा राहतो.

याच 60 पीसींवर आकडे मांडून बघा. 20 चा ब्लॉक, गळती 1 टक्का. जुन्या पद्धतीत ब्लॉकमागे सरासरी 9 पॅकेट परत पाठवायची. पॅरिटीने किती? 60 जणांत ज्याची सगळ्यात जास्त गेली तेवढीच. तो आकडा बहुतेक वेळा 1 किंवा 2 निघतो, 3 किंवा त्याहून जास्त लागण्याची पाळी शंभरात सहा ब्लॉकांना येते. नऊच्या जागी दोन! स्वतः पायथनमध्ये मोजून बघा, द्विपद वितरणाचं गणित आहे, अर्ध्या तासाचं काम. व्हायव्हात हा एक तक्ता दाखवला तरी समोरचा परीक्षक खुर्चीत पुढे सरकतो.

नॅकचं ओझंही आपोआप उतरतं. "17, 23 आणि 58 हवीत" असं न म्हणता पीसी म्हणतो, "ब्लॉक 400 ला आणखी 2 हवीत". हे ऐकल्यावर ज्याला 2 किंवा 1 हवं आहे तो गप्प बसू शकतो, त्याचं कोणतं पॅकेट गेलंय याच्याशी कोणाला देणंघेणं नाही. फक्त 3 हवी असलेलाच तोंड उघडतो. नॉर्म हा प्रोटोकॉल याच पायावर उभा आहे, 2009 च्या आरएफसी 5740 या इंटरनेट प्रोटोकॉलांच्या दस्तऐवजात त्याचं वर्णन आहे. तुमच्या अभ्यासासाठी तोच घ्या. पीजीएम हा दुसरा प्रोटोकॉलही वाचाल (आरएफसी 3208, 2001), पण त्याची खरी करामत मधल्या राऊटरने नॅक गाळण्यात आहे, आणि लॅबच्या साध्या स्विचकडून ती अपेक्षा नको.

एक सावधगिरी. 'एकाच्या गळण्याचा दुसऱ्याशी संबंध नाही' हे मी गणितासाठी धरलं. प्रत्यक्षात पॅकेट झुंडीने गळतात, सलग दहा-वीस. तेव्हा 20 चा एक ब्लॉक सरळ रांगेत पाठवला तर तो पूर्णच वाहून जाईल. आठ-दहा ब्लॉक एकमेकांत विणून पाठवा: पहिल्याचं एक, दुसऱ्याचं एक, असं. फाइल आधीच डिस्कवर आहे, त्यामुळे क्रम तुमच्या हातात आहे.

आता उलट बाजूने. तारेच्या लॅनवर 1 टक्का गळती मुळात का असावी? तार क्वचितच दोषी असते. पॅकेट तुमच्याच पीसीच्या दारात येऊन मरतात. लिनक्सवर सॉकेटचा रिसीव्ह बफर मुळात 2,12,992 बाइटचा असतो. गिगाबिटच्या वेगाने तो दोन मिलिसेकंदांच्या आत भरतो. तुमचा प्रोग्रॅम पॅकेट घेतो, लगेच डिस्कवर लिहितो, मग पुढचं घेतो, असंच आहे ना? डिस्कने एकदा दहा मिलिसेकंद श्वास घेतला की बफर पाचदा भरून वाहील. 'नेटस्टॅट'मध्ये यूडीपीच्या आकड्यांत 'रिसीव्ह बफर एरर्स' बघा, तो आकडा फुगलेला असला तर चोर घरातच आहे. पॅकेट घेणारा थ्रेड वेगळा, डिस्कवर लिहिणारा वेगळा, बफर 32 एमबी (कर्नलची कमाल मर्यादाही वाढवावी लागेल), आणि फाइलची जागा आधीच राखून ठेवा म्हणजे पॅकेट ज्या क्रमाने येईल तसं आपल्या जागी लिहिता येईल.

आणि वेग बांधा. 'जितकं जाईल तितकं जाऊ दे' या वृत्तीने पाठवू नका. जुन्या फिरत्या डिस्क सेकंदाला 80 ते 100 एमबी लिहितात, म्हणजे 640 ते 800 मेगाबिट. मी तुमच्या जागी असतो तर 600 मेगाबिटवर धरलं असतं, आणि तेही समान अंतराने. 10 मिलिसेकंद गप्प आणि मग एकदम धो-धो, असं केलं तर सरासरी 600 असूनही स्विचचा बफर फुटतो. 4 जीबीला मग एक मिनिट लागेल. एकेकाला वेगवेगळी पाठवायला पूर्ण गिगाबिट वेगातही 35 मिनिटं लागली असती, तेव्हा एका मिनिटासाठी हळहळू नका.

31 नंबरचा पीसी. तिथे न जाता सांगतो: त्याचं लिंक 100 मेगाबिटवर आलं असणार. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, 100 मेगाबिटला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली किंवा आरजे-45 नीट क्रिंप झाला नाही की कार्ड मुकाट्याने 100 वर उतरतं, आणि ब्राउझिंग छान चालत असल्याने कोणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही 600 ने पाठवताय, त्याच्या दारातून 100 च आत जातात, सहातली पाच पॅकेट स्विच फेकून देतो. मग तो सतत नॅक मारतो आणि बाकी 59 जण त्याच्यासाठी ताटकळतात. याला या क्षेत्रात 'रडणारं बाळ' म्हणतात, आणि प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतंच. केबल तर बदलाच, पण डिझाइनमध्येही नियम हवा: सलग काही ब्लॉक एखाद्याची गळती ठरावीक टक्क्यांच्या वर राहिली तर त्याला ग्रुपमधून बाहेर काढायचं, त्याच्या नॅक ऐकायच्या नाहीत, आणि शेवटी टीसीपीने (एकट्याशी जोडणी करून) त्याची फाइल वेगळी द्यायची. इंटरनेटवर, जिथे दुसऱ्यांची वाहतूकही त्याच रस्त्याने जाते, तिथे मात्र उलट वागावं लागतं: सगळ्यात मागे असलेल्याच्या चालीने चालायचं. लुइजी रिझो यांची पीजीएमसीसी (2000) ही वेग ठरवण्याची पद्धत तेच करते. तुमच्या बंद लॅनला त्याची गरज नाही.

स्विचचा एक किस्सा सांगतो, कारण तुम्ही मॅनेज्ड स्विच घेतलात की यात पडणारच. काही वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये असंच काम होतं, मे महिना, बाहेर 45 अंश. पाठवणं सुरू व्हायचं, सगळे पीसी घ्यायचे, आणि साडेचार मिनिटांच्या आतच सगळीकडे एकदम शुकशुकाट. पुन्हा सुरू करा, पुन्हा तितक्याच वेळात बंद. पहिल्या दिवशी आम्ही उन्हाला दोष दिला, स्विचच्या पेटीपुढे टेबलफॅन लावला! दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून मोजलं: 260 सेकंद. तेव्हा डोक्यात उजेड पडला. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू होतं, म्हणजे कोणत्या पोर्टवर ग्रुपचा सभासद आहे ते स्विच ऐकून लक्षात ठेवतो आणि तिथेच पॅकेट सोडतो. पण "कोण कोण आहे?" असं दर 125 सेकंदांनी विचारणारा क्वेरिअर त्या लॅनवर कोणीच नव्हता. विचारलंच नाही तर सभासद उत्तर देत नाहीत, आणि क्वेरीचे दोन अवधी अधिक 10 सेकंद, म्हणजे 260 सेकंदांनी स्विच त्यांची नावं खोडतो. एका स्विचवर क्वेरिअर चालू केला, विषय संपला. टेबलफॅन तसाच राहिला.

ग्रुपचा पत्ताही जपून निवडा. 239 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराचे आहेत, त्यातलाच घ्या, पण 239.0.0 आणि 239.128.0 ची मालिका टाळा. आयपी पत्त्यातले शेवटचे 23 बिटच मॅक पत्त्यात (इथरनेटच्या पातळीवरच्या पत्त्यात) उतरतात, त्यामुळे 32 ग्रुप एकाच मॅकवर पडतात, आणि या मालिका 224.0.0 च्या मॅकवर जाऊन बसतात. त्या राखीव पत्त्यांची पॅकेट स्विच स्नूपिंग न करता सगळीकडे उधळतो.

सगळं संपलं हे पाठवणाऱ्याला कसं कळणार? इथे सर्वांची पोच घ्यायला हरकत नाही, फाइलमागे 60 पोचा म्हणजे काहीच नाही. फक्त त्या एकदम मागू नका, दोन-तीन सेकंदांत विखरून येऊ द्या, आणि पोच देण्याआधी प्रत्येकाने फाइलचा एसएचए-256 (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळवून बघावा.

धुळे, शिरपूर, नंदुरबार अशा तीन ठिकाणच्या लॅब बारीक लाइनने जोडायच्या असत्या तर मी वेगळं सुचवलं असतं. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीच्या सिंचनात शेतकरी पाण्यासाठी बंधाऱ्यापर्यंत जात नाही, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला सांगतो. तसाच प्रत्येक लॅबमध्ये एक पीसी नेमायचा, त्याने आपल्या लॅबच्या नॅक ऐकायच्या आणि स्वतःकडून भरून द्यायच्या, त्याचं स्वतःचं कमी पडलं तरच वर मागायचं. लिन आणि पॉल यांचा आरएमटीपी हा प्रोटोकॉल असाच आहे. एका लॅबसाठी हा खटाटोप नको. वायफायवरचे लॅपटॉपही या ग्रुपमध्ये घेऊ नका. वायफायवर मल्टिकास्ट पॅकेटला खालच्या थरावर पोच नसते, दुरुस्ती नसते, आणि ती बहुधा सगळ्यात कमी वेगाने जातात.

आता 10 गिगाबिट. प्रत्येक पॅकेटला वाट्याला येतात 1.23 मायक्रोसेकंद. पॅकेटमागे एक सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमला घातलेली हाक) परवडत नाही, एका कॉलमध्ये बरीच पॅकेट घ्यावी लागतात, शक्य तिथे 9000 बाइटच्या जम्बो फ्रेम वापराव्या लागतात. पॅकेट नंबर 16 बिटचा ठेवला असेल तर आजच्या गिगाबिटवरच तो 0.8 सेकंदात पुन्हा शून्यावर येतो, म्हणजे हरवलेलं जुनं आणि आलेलं नवं यात फरकच कळणार नाही. 32 बिटचा नंबर 10 गिगाबिटवर 88 मिनिटं टिकतो, 100 गिगाबिटवर 9 मिनिटंसुद्धा नाही. आणि नॅक दाबायला 10 मिलिसेकंद थांबलात तर तेवढ्यात 12.5 एमबी डेटा पुढे निघून गेलेला असतो. फाइलला त्याने बिघडत नाही, दुरुस्ती मागाहून चालते. शेअर बाजाराच्या भावांना मात्र इतकं थांबणं परवडत नाही. तिथे तोच प्रवाह दोन वेगळ्या लाइनींवर एकाच वेळी पाठवतात, जे आधी येईल ते घ्यायचं, आणि दोन्हीकडे गळालं तर वेगळ्या टीसीपी कनेक्शनवरून मागायचं. वेग जितका वाढतो तितकं विचारून दुरुस्त करणं महाग होतं आणि आधीच थोडी पॅरिटी जोडून पाठवणं स्वस्त. हे वाक्य व्हायव्हात तुमच्या शब्दांत सांगा, पण आकड्यांसकट.

प्रोग्रॅम पुन्हा लिहिण्याआधी यूडीपीकास्ट उतरवून एकदा चालवून बघा. हे काम तो आधीपासून करतो, तुमच्या प्रोग्रॅमची तुलना कोणाशी करायची तेही ठरेल. गळती मुद्दाम निर्माण करायला लिनक्समधलं नेटेम वापरा: 0, 0.1, 1 आणि 5 टक्के, प्रत्येक वेळी 10, 20, 40, 60 पीसी, अ‍ॅकचा जुना प्रोग्रॅम आणि पॅरिटीचा नवा शेजारी शेजारी. 31 ची केबल नवीन करून झाली तरी जुनी टाकून देऊ नका. डेमोच्या दिवशी तीच परत लावा, आणि तो ग्रुपबाहेर फेकला जाऊन बाकीचे 59 वेळेत संपतात हे एक्स्टर्नलला दाखवा.